मजल दरमजल सोलापूर

मुंबई किती लांब, असे सोलापूरच्या माणसाला विचारले तर तो किलोमीटरचा आकडा सांगत नाही. ‘एका रात्रीची’ म्हणतो. पुणे चार तासांवर, विजापूर दोन तासांवर, हैदराबाद म्हणजे सकाळी निघाले तर दुपारी. आकडे आहेतच. सोलापूरहून मुंबई रेल्वेने ४५५ किलोमीटर भरते, सडकेने ४०० च्या आसपास, आणि विमानतळापासून विमानतळापर्यंत नकाशावर सरळ रेघ ओढली तर ३६० च्या जवळपास. पण हे आकडे तिकिटापुरते. माणसाच्या मनात अंतर असते ते वेळेचे. म्हणून एखाद्या शहराच्या अंतरांचा इतिहास लिहायचा तर नकाशापेक्षा घड्याळाकडे अधिक पाहावे लागते, आणि ते घड्याळ कोणाच्या हातात होते हेही विचारावे लागते. एकच वाट एकाच काळात सगळ्यांना सारख्याच लांबीची कधी नव्हती.

मुसलमानांच्या घरात ही गोष्ट समजावून सांगण्याची गरज नाही. मुसाफिर कोणाला म्हणायचे, चार रकातींच्या जागी दोन कोणी पढायच्या, याचा हिशेब हनफी फकिहांनी मुळात मैलांत मांडलाच नव्हता. तीन दिवसांची वाट, मधल्या चालीने, विसावा घेत चाललेली, हे त्यांचे माप होते. पुढे आपल्याकडच्या उलेमांनी त्याचे ४८ मैल, म्हणजे सुमारे ७७ किलोमीटर, असे माप सांगितले आणि तेच बऱ्याच ठिकाणी रूढ झाले. त्या हिशेबाने सोलापूरचा माणूस पंढरपूरला गेला तर मुसाफिर होत नाही, विजापूरला गेला तर होतो. तीन दिवसांची वाट आज गाडीने दीड तासात सरते आणि विमानाला तर पंधरा मिनिटेही लागत नाहीत, तरी सवलत कायम आहे. काळाचे माप एकदा अंतरात बदलले आणि मग काळ आटला तरी अंतर तसेच राहिले. आमच्या मोहल्ल्यातली वडीलधारी मंडळी यावर घटका घटका वाद घालत, आणि त्या वादात भूगोल आणि गणित दोन्ही आम्हाला फुकट शिकायला मिळे.

वाट कोणासाठी किती लांब, याचे सर्वांत चांगले उदाहरण इब्ने बतूता देऊन गेला आहे. चौदाव्या शतकात तो सिंधमार्गे हिंदुस्थानात आला तेव्हा त्याने पाहिले की सिंधहून दिल्लीपर्यंत प्रवाशाला ५० दिवस लागतात, पण सुलतानाची डाक तिथे पाच दिवसांत पोहोचते. घोड्याची डाक वेगळी, पायी धावणाऱ्याची वेगळी. पायी डाकेच्या चौक्या मैलाच्या तिसऱ्या हिश्शावर, धावणाऱ्याच्या काठीला घुंगरू, घुंगराचा आवाज आला की पुढचा गडी कंबर कसून तयार. आणि गंमत म्हणजे ही पायी डाक घोड्यापेक्षा वेगवान होती. दिल्ली ते दौलताबाद ही ४० दिवसांची वाट. त्या वाटेने मुहम्मद तुघलकासाठी गंगेचे पाणी दौलताबादेला नेले जाई. एकाच रस्त्याची ही दोन मापे आहेत, रयतेची ५० दिवसांची आणि तख्ताची पाच दिवसांची. धावणाऱ्या माणसाचे पाय मात्र रयतेचेच होते.

सोलापूर या वाटांवर आले ते बहामनी काळापासून. शहराच्या मधोमध उभा असलेला भुईकोट किल्ला त्या काळाची आठवण देतो. बहामनी राज्य फुटल्यावर सोलापूरचे दुखणे सुरू झाले. एकीकडे अहमदनगरची निजामशाही, दुसरीकडे विजापूरची आदिलशाही, आणि सोलापूर दोघांच्या मधल्या वाटेवर. ज्याच्या ताब्यात सोलापूर, त्याच्या फौजेला शत्रूच्या राजधानीपर्यंतची शेवटची मजल सोपी. १५२४ मध्ये इस्माईल आदिलशहाची बहीण मरियम सुलतान हिचा निकाह बुऱ्हाण निजामशहाशी झाला, तोही सोलापुरातच. सोलापूरचा किल्ला हुंड्यात द्यायचे ठरले होते. दिला गेला नाही, आणि त्यावरून दोन्ही घराण्यांत वर्षानुवर्षे तलवारी चालल्या. पुढे चाळीसएक वर्षांनी उलट्या दिशेने सोयरीक झाली. हुसेन निजामशहाची मुलगी चांदबीबी अली आदिलशहाला दिली आणि तिच्याबरोबर सोलापूरचा किल्ला विजापूरकडे गेला. त्यानंतरच १५६५ च्या तालिकोटच्या लढाईत दोघे एका बाजूने उभे राहिले. दोन राजधान्यांमधली एक मजल एवढी महाग होती की तिच्यासाठी मुलींचे संसार मांडले गेले आणि मोडलेही. चांदबीबीच्या शौर्याचे पोवाडे आपण गातो. ती सासरी आली तेव्हा तिच्याबरोबर आमचे गाव आंदण गेले होते, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही.

फौजांची चाल मोठी मंद असे. औरंगजेबाने विजापूरच्या वेढ्यासाठी १६८५ मध्ये सोलापुरात मुक्काम केला होता. वेढा लांबला तेव्हा १६८६ च्या जूनच्या मध्यात तो स्वतः सोलापूरहून निघाला आणि जुलैच्या आरंभी विजापूरजवळ रसूलपूरला पोहोचला. सोलापूर ते विजापूर हे अंतर सुमारे १०० किलोमीटर. बादशहाला त्यासाठी जवळपास तीन आठवडे लागले. दिवसाला पाच किलोमीटर! आमच्याकडची म्हातारी माणसे डोक्यावर गाठोडे घेऊन याहून वेगाने चालतात. पण बादशहाबरोबर तोफा होत्या, हत्ती होते, बाजार होता, कचेऱ्या होत्या. एक सबंध शहर पायांवर उभे राहून चालत होते, आणि पाऊस तोंडावर होता. सप्टेंबरमध्ये विजापूर पडले. नंतर १६९५ ते १६९९ या काळात त्याच बादशहाची छावणी आमच्याजवळ, माचणूर-ब्रह्मपुरीला, भीमेच्या काठी पडून राहिली. दिल्ली तिथून किती लांब होती याचा हिशेब त्या छावणीतल्या शिपायाने कसा केला असेल? त्याचे उत्तर कोणत्याही बखरीत किंवा अखबारात मिळत नाही.

सामान्य माणसाचा हिशेब साधा होता. बैलगाडीने दिवसाला आठ कोस, म्हणजे साधारण २५ किलोमीटर जायचे. त्या चालीने सोलापूरहून पुण्याला दहा दिवस आणि मुंबईला पंधरा-सोळा. नदीला पूर असला, बैल लंगडला, वाटेत दुखणे आले तर ते दिवस वेगळे. पावसाळ्याचे चार महिने वाट बंद धरली तरी चालेल, कारण आमच्या काळ्या मातीत चाक रुतले की ते दसऱ्यालाच निघायचे.

हे सगळे बदलले ते ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने. १८५६ मध्ये मुंबईहून रूळ खोपोलीला येऊन थांबले, कारण पुढे बोरघाट होता. घाटाच्या वरच्या अंगाने खंडाळा ते पुणे गाडी १८५८ मध्ये सुरू झाली, मग रूळ दौंड, भिगवणच्या बाजूने पुढे सरकत १८६० मध्ये सोलापूरला आले. म्हणजे गंमत पाहा, सोलापूरला रेल्वे आली तेव्हा ती मुंबईला जोडलेली नव्हती. सोलापूरहून बसलेला प्रवासी खंडाळ्याला उतरे, पालखीने, गाडीने नाहीतर पायी घाट उतरे आणि खोपोलीला दुसऱ्या गाडीत बसे. घाटातले काम १८६३ च्या एप्रिलमध्ये संपले. त्यात किती मजुरांचे प्राण गेले याचे आकडे मोठे सांगितले जातात. मजूर आपल्याच मुलखातले होते. त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल इथे आल्यावर थोड्याच दिवसांत वारला आणि त्याची बायको ॲलिस हिने ते कंत्राट पुरे करून घेतले, एवढे मात्र इतिहासाला ठाऊक आहे. १८७१ मध्ये रायचूरला मद्रासचे रूळ येऊन मिळाले आणि सोलापूर मुंबई-मद्रासच्या हमरस्त्यावर आले.

हे रूळ आमच्या आजोबा-पणजोबांना लवकर मुंबई पाहता यावी म्हणून टाकलेले नव्हते. त्यांना कापूस हवा होता आणि १८५७ नंतर फौज लवकर हलवण्याची निकड होती. घाटाचे काम संपत आले तेव्हा अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते, लँकेशायरला तिथला कापूस मिळेना आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईचे भांडवल त्याच रुळांवरून उलटे सोलापूरला आले. मोरारजी गोकुळदास हे मुंबईचे शेठ. त्यांनी काढलेली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल, आमची ‘जुनी गिरणी’, १८७७ मध्ये सुरू झाली. पंधरा दिवसांच्या अंतरावरचा शेठ इथे गिरणी काढता ना. एका रात्रीच्या अंतरावरचा काढू शकला. मग विष्णू, लक्ष्मी, नरसिंग गिरजी अशा गिरण्या उभ्या राहिल्या, आणि तेलंगणातले पद्मशाली, आसपासच्या खेड्यांतले मराठा-दलित, आमचे मोमीन आणि इतर, सगळे भोंग्याच्या आवाजावर जगू लागले. गावात घड्याळ प्रत्येकाकडे नव्हते, भोंगा सगळ्यांना ऐकू येई.

जुनी गिरणी सुरू झाली ते वर्ष दुष्काळाचे होते, हे इथे सांगितलेच पाहिजे. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात सोलापूर जिल्ह्याची दैना झाली. १८७२ ची खानेसुमारी आणि १८८१ ची खानेसुमारी ताडून पाहिली तर जिल्ह्याची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटलेली दिसते. रेल्वे दारात होती. तिच्यातून धान्य आले, हे खरे. पण रेल्वे धान्य आणू शकते, ते विकत घेण्याची ऐपत आणू शकत नाही. दाण्याची वाट आटली आणि भुकेची वाट होती तेवढीच राहिली.

रेल्वेच्या एका करणीचा उल्लेख न करून चालणार नाही, कारण तिने आमची जुनी शेजारधर्माची वाट तोडली. मुंबई-मद्रासचा रूळ रुंद होता. विजापूरकडे जाणारा होटगी-गदग मार्ग १८८४ मध्ये झाला तो मीटरगेज. कुर्डुवाडीहून बार्शीकडे १८९७ मध्ये एव्हरार्ड काल्थ्रॉप या इंजिनिअरने काढलेली बार्शी लाइट रेल्वे त्याहून अरुंद. ती पुढे पंढरपूर, लातूर, मिरजेपर्यंत गेली. एकाच जिल्ह्यात तीन मापांचे रूळ! मुंबईला जाणारा माल सरळ जाई, शेजारच्या विजापूरला जायचा तर तो होटगीला उतरवून दुसऱ्या गाडीत भरावा लागे. चारशे किलोमीटरवरची मुंबई जवळ झाली आणि शंभर किलोमीटरवरचे विजापूर, जिथे आमच्या कितीतरी घरांचे पीर, सोयरे आणि कबरी आहेत, ते लांब गेले. विजापूरचे रूळ रुंद व्हायला एकविसावे शतक उजाडावे लागले.

१९३० साली या रुळांचा दुसरा उपयोग शहराने पाहिला. गांधीजींच्या अटकेची बातमी तारेने आली आणि ८ मेला सोलापूर पेटले. गोळीबार झाला, कचेऱ्या जळाल्या, पोलीस शहर सोडून गेले. काही दिवस गावावर इंग्रजाची सत्ता उरली नव्हती. पण ती फार लांब गेलेली नव्हती. रेल्वेने एका रात्रीच्या अंतरावर होती. १२ मेला मार्शल लॉ पुकारला गेला आणि तो ४९ दिवस चालला. त्या प्रकरणात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि ‘गझनफर’ साप्ताहिकाचे तरुण संपादक अब्दुल रसूल कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी पुण्याच्या येरवडा तुरुंगात फाशी दिली गेली. सोलापूर-पुणे ही वाट चौघांनी एकदाच, एकाच दिशेने केली. २००१ मध्ये त्या वाटेवर जी गाडी सुरू झाली तिचे नाव हुतात्मा एक्स्प्रेस. आम्ही सोलापूरकर ते नाव या चौघांचेच मानतो. चार तासांच्या त्या प्रवासात मोबाइलवर बोलणाऱ्या किती प्रवाशांना कुर्बान हुसेन हे नाव माहीत असते, हा प्रश्न आम्ही विचारत नाही. आमच्याच मुलांना विचारून पाहावा.

पुण्याकडची वाट ही अशी. हैदराबादकडची वाट वेगळी, आणि तिच्याविषयी लिहिताना हात थोडा जड होतो.

सोलापूरहून पूर्वेला निघाले की ४५ किलोमीटरवर नळदुर्ग. इंग्रजी अमलात नळदुर्ग परमुलखात होते, निजामाच्या राज्यात. तिथे करोडगिरीचा नाका, वेगळे नाणे, वेगळी कचेरी, दफ्तराची भाषा उर्दू. पुण्याला जाताना कोणी अडवत नसे, नळदुर्गाला जाताना गाठोडे सोडून दाखवावे लागे. तरीही येणेजाणे सतत असे. लग्ने होत, उरूस भरत, कापड जाई, ज्वारी येई. मुंबई-मद्रासच्या रुळाला वाडीला फाटा फुटून १८७४ मध्ये सिकंदराबादेपर्यंत गाडी गेली होती, तेव्हा हैदराबाद आमच्यासाठी मुंबईहून नक्कीच जवळचे होते. कामासाठी नाही तरी मनाने.

१९४७ नंतर त्या वाटेवरून माणसे जीव घेऊन येऊ लागली. रझाकारांच्या जाचाने मराठवाड्यातली हिंदू कुटुंबे सरहद्द ओलांडून बार्शी-सोलापूर भागात आली. स्टेट काँग्रेसची शिबिरेही सरहद्दीला लागून होती. मग १३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे भारतीय फौजेची मुख्य तुकडी सोलापूरहून निघाली. मेजर जनरल जयंतोनाथ चौधरी तिचे प्रमुख होते. त्याच दिवशी नळदुर्ग पडले, आणि उमरगाही. १७ तारखेला निजामाने शरणागती जाहीर केली आणि १८ तारखेला चौधरी हैदराबादेत होते. सुमारे ३१० किलोमीटरची वाट पाच दिवसांत. औरंगजेबाच्या तीन आठवड्यांच्या शंभर किलोमीटरशेजारी हा आकडा ठेवला म्हणजे मोटार आणि रणगाड्याने काय केले ते कळते. हैदराबाद संस्थान भारतात आले हे योग्यच झाले; रझाकारीचे समर्थन करण्याचे कारण ना तेव्हा होते ना आज आहे. आमच्यातल्या काहींना एवढे स्वच्छ बोलायला बराच काळ लागला.

पण फौज पुढे गेल्यावर त्या सडकेच्या दोन्ही अंगांच्या गावांत काय झाले, हेही तितकेच स्वच्छ बोलले गेले पाहिजे. सरकारने पाठवलेले पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांनी १९४८ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये संस्थानात फिरून अहवाल दिला. पोलीस ॲक्शनच्या काळात आणि नंतर, हात आखडता धरून मोजले तरी २७ ते ४० हजार माणसे मारली गेली, असा त्यांचा अंदाज होता. सर्वाधिक हानी झालेल्या चार जिल्ह्यांची नावे त्यांनी दिली: उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. उस्मानाबाद म्हणजे आताचे धाराशिव, नळदुर्ग आणि उमरगा ज्याच्यात येतात तो जिल्हा. रझाकारांच्या अत्याचारांची नोंद त्याच अहवालात आहे, आणि जिवावर उदार होऊन मुसलमान शेजाऱ्यांना वाचवणाऱ्या हिंदूंचीही आहे. तो अहवाल अभ्यासकांना दिल्लीत पाहायला मिळाला तो २०१३ मध्ये. फौज सोलापूरहून हैदराबादला पाच दिवसांत पोहोचली; त्या वाटेवर काय घडले याचा सरकारी कागद वाचकापर्यंत पोहोचायला ६५ वर्षे लागली. त्या वाटेने आज राष्ट्रीय महामार्ग जातो, नळदुर्ग पाऊण तासात मागे पडते. आमच्या आधीच्या पिढीतली माणसे उमरग्याच्या पुढे गाडी गेली की बोलायची थांबत. आम्ही लहानपणी त्याला झोप समजत होतो.

सर्वांत लांबचा प्रवास म्हणजे हजचा. सोलापूरचा हाजी आधी रेल्वेने मुंबईला जाई, क्रॉफर्ड मार्केटजवळच्या साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात पथारी पसरी, मग जहाज. वाफेच्या जहाजांच्या काळात तांबड्या समुद्रात कामरान बेटावर हाजींना उतरवून काही दिवस क्वारंटाइनमध्ये ठेवत. पटकीची भीती असे. अलीकडच्या काळात ‘अकबरी’सारख्या जहाजाला मुंबईहून जेद्द्याला पोहोचायला १२ ते १५ दिवस लागत. समुद्रमार्गे हज १९९५ मध्ये बंद झाला. जहाजाच्या काळात घरून निघणारा माणूस कहा-सुना माफ करून, देणी फेडून, अनेकदा कफन बरोबर घेऊन निघे. परत येईल तेव्हा येईल. त्या काळच्या निरोपाला एक वजन होते. स्टेशनावर सारा मोहल्ला जमे आणि गाडी हलली की बायका पदरात तोंड लपवून रडत.

विमानाने ते पंधरा दिवस पाच-साडेपाच तासांवर आणले. मुंबई ते जेद्दा सरळ रेघेत साडेतीन हजार किलोमीटर. आता हिशेब मांडून पाहा. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून सोलापूरचा हाजी ४५५ किलोमीटर तोडतो त्याला आठएक तास लागतात, आणि पुढचे साडेतीन हजार किलोमीटर त्याहून कमी वेळात सरतात. म्हणजे सोलापूरकराला वेळेच्या मापाने जेद्दा मुंबईहून जितके लांब, त्याहून सोलापूर मुंबईहून लांब! हे वाक्य आम्ही दोनदा तपासून लिहिले आहे. वर्षानुवर्षे आमच्या हजच्या सफरीतला सर्वांत लांबचा टप्पा आमचा स्वतःचा जिल्हा आणि शेजारचा पुणे जिल्हा ओलांडण्याचा होता. भिगवणच्या पुढे एकच रूळ, समोरून गाडी आली की आपली बाजूला उभी. दुसऱ्या रुळाचे काम पुरे व्हायला २०२२ उजाडले. १० फेब्रुवारी २०२३ ला मुंबई-सोलापूर वंदे भारत सुरू झाली तेव्हा वेळ साडेसहा तासांच्या आसपास आली.

आणि विमान? ते आमच्या डोक्यावरून फार आधीपासून जात होते. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून मुंबईला टपाल आणले आणि नेव्हिल विन्सेंट ते बल्लारीमार्गे मद्रासला घेऊन गेले, तेव्हापासून दख्खनच्या आकाशात विमान आहे. मुंबई ते हैदराबाद सरळ रेघ ओढली तर ती बार्शी आणि तुळजापूरच्या जवळून जाते. खालून पाहणाऱ्या पोरांना ते एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाणारे ठिपके होते. इथे उतरणार नाहीत हे त्यांना ठाऊक होते. होटगी रस्त्यावर धावपट्टी होती. २००० नंतरच्या दशकाच्या अखेरीस किंगफिशरची मुंबईची सेवा काही काळ चालली आणि थांबली. मग वाद सुरू झाला तो चिमणीचा.

धावपट्टीजवळच्या श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या वीजनिर्मिती प्रकल्पाची चिमणी सुमारे ९० मीटर उंचीची होती. विमानांना तिचा अडथळा होतो असे एका बाजूचे म्हणणे, होत नाही असे कारखान्याचे. गावाचे दोन तट पडले. एका बाजूला ज्यांना विमान हवे ते, व्यापारी, डॉक्टर, पुण्या-मुंबईत मुले असलेले. दुसऱ्या बाजूला ज्यांचा ऊस त्या कारखान्यात जातो ते सभासद. गिरणगावाला चिमण्या नव्या नव्हत्या. इथे चिमणी म्हणजे रोजगार असाच अर्थ होता. १५ जून २०२३ ला ती सुरुंग लावून पाडली. बघायला गर्दी लोटली होती. कोणी टाळ्या वाजवल्या, कोणी डोळे पुसले. आमच्या मते दोघांचेही चुकले नव्हते. चुकले असेल तर चिमणी उभी होत असताना जे झोपले होते त्यांचे.

चिमणी पडली म्हणजे विमान उडेल, असे सांगितले गेले होते. २९ सप्टेंबर २०२४ ला विमानतळाचे उद्घाटन पंतप्रधानांच्या हस्ते दूरचित्रवाणीद्वारे झाले. पहिले नियमित विमान, फ्लाय नाइन्टीवनचे गोव्याचे, निघाले ९ जून २०२५ ला. उद्घाटन ते उड्डाण ही मजल आठ महिन्यांहून जास्त भरली. बैलगाडीने तेवढ्यात सोलापूर-मुंबईच्या सातआठ खेपा सहज झाल्या असत्या. मुंबईचे विमान स्टार एअरने १५ ऑक्टोबर २०२५ ला सुरू केले, योगायोगाने टाटांच्या त्या टपालाच्या तारखेलाच. विमान लहान, पाऊणशे माणसांचे. आकाशातला वेळ तासाभराचा. त्यात विमानतळावर आधी जाऊन बसण्याचे, आणि मुंबईत उतरल्यावर भेंडीबाजार किंवा कुर्ला गाठण्याचे तास मिळवले तरी दिवस वाचतो, यात शंका नाही. टॉवेल आणि चादरीचे गठ्ठे मात्र ट्रकनेच जातात. विडीच्या कारखान्यातल्या आमच्या आयाबहिणींपैकी कोणी त्या विमानात बसले असेल तर आम्हाला ऐकायला आवडेल.

एक धावपट्टी आणखी आहे, कागदावर. होटगी रस्त्यावरची जागा अपुरी म्हणून शहराच्या पूर्वेला, हैदराबादच्याच वाटेवर, बोरामणीला मोठा विमानतळ करण्याचे ठरले होते. त्यासाठी शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या गेल्या. मध्ये वनखात्याची जमीन आली, माळढोकाचा प्रश्न आला. वर्षे गेली. २०२५ मध्ये सोलापूरहून विमाने उडाली ती जुन्या धावपट्टीवरूनच, आणि बोरामणीच्या त्या जमिनीवर तोवर ना विमान उतरले होते ना पुन्हा ज्वारी पेरली गेली होती.